बर्फाच्या कारखान्यातला मीटर

गौलीगुड्याच्या बाजारात मी चिंच घेत होते, तेव्हा फोन आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या यादम्मा बोलत होत्या. "अम्मा, जल्दी घराकू आवो. सुमनम्मा कुर्सी में बैठे है, उठते नै." मी म्हटलं, झोप लागली असेल, हलवून बघा. त्या म्हणाल्या, "हलाके देखी अम्मा. आप आवो." अर्धी चिंच तराजूत होती. ती पुरी वजन करून घेतली, पिशवीत भरली आणि रिक्षा करून काचीगुड्याला आले. हे चिंचेचं मी नंतर सांगितलं तेव्हा भेटायला आलेल्या लोकांना आवडलं नाही. पण मी काही पळत सुटले नव्हते. चक्कर आली असेल असंच मला वाटत होतं. जिन्यात सगळे भिंतीला लागून उभे राहून मला वाट देत होते, तेव्हा मला कळलं.

सुमन माझी धाकटी नणंद. एकाहत्तर वर्षांची होती. माझे यजमान गेल्यापासून वीस वर्षं त्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. तिला जाऊन आता दीड महिना होत आला. अजून कोणी कोणी येतं, चहा पितं आणि उठताना हळूच विचारतं, "शेवटी शेवटी डोक्यानं जरा... हो ना?" त्यांचा दोष नाही. ते मीच सगळ्यांना सांगितलं होतं. पुण्याला माझ्या मुलाला फोनवर सांगितलं, यादम्मांना सांगितलं, देवळातल्या बायकांना सांगितलं, की सुमनचं डोकं आता चालत नाही. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण तिला माहीत होतं, आणि तिने मला सांगू दिलं. ते का, हे मला आजही उलगडत नाही.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. बिदरकडच्या खेड्यातली, चौथी पास. सुमन तेरा वर्षांची. सासरे सरकारी कचेरीत होते, घरात सगळे वाचणारे, लिहिणारे. मला वाटलं ही पोरगी माझी थट्टा करील. तिने थट्टा केली नाही, पण माझ्याकडे विशेष लक्षही दिलं नाही. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं. मी बादल्या भरायचे आणि ती सासऱ्यांचं घड्याळ घेऊन शेजारी उकिडवी बसायची. "वहिनी, मंगळवारी बादली बावीस सेकंदांत भरली होती. आज एकतीस लागले." मी म्हटलं, बरं, मग? ती म्हणाली, "मग काही नाही. कमी झालं." असं पाण्याकडे बघत बसून काय मिळतं, ते मला समजायचं नाही. पुढे आयुष्यभर तिने तेच केलं. समजायला मला पन्नास वर्षं लागली आणि अजूनही अर्धंच समजलंय.

मॅट्रिक झाल्यावर तिने मुलींच्या आयटीआयमध्ये नाव घातलं. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सुमन त्यांच्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही जेवा. फी भरून झालीय." मग बालानगरला एका कंपनीत लागली. तिथे कारखान्यांची मोजायची यंत्रं बनत. लग्नाची स्थळं आली, तिने नाही म्हटलं, तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर कोणी विचारलं नाही. लोक त्याच्यामागे काहीतरी गोष्ट शोधतात. मला तरी काही दिसली नाही. तिला नको होतं. कंपनी बंद पडली तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची असेल. घरी बसेल असं वाटलं होतं. तिने कॅनव्हासचे बूट आणले, सुती साडी वर खोचली आणि स्वतःची कामं घेऊ लागली. दुधाच्या डेअऱ्या, औषधांचे कारखाने, सोड्याचे, बर्फाचे. पाण्याचे मीटर बसवायचे आणि त्यांच्या तारा जोडायच्या.

घरात नळाला असतो तसला हा मीटर नव्हे. यात दोन वस्तू असतात. एक पाइपमध्ये बसते. तिच्या आत चक्री असते, पाणी गेलं की फिरते, आणि दर फेरीला तारेतून एक ठोका जातो. दुसरी म्हणजे भिंतीवरची पेटी. ती ठोके मोजते; एका ठोक्याला किती पाणी धरायचं तो आकडा तिच्यात आधी भरावा लागतो. पेटीवर दोन आकडे दिसतात. पाणी आत्ता किती जोरात जातंय तो वरचा, आणि बसवल्यापासून एकूण किती गेलं तो खालचा. हे मला सुमननेच समजावलं, एकदा नव्हे, पुष्कळदा. नव्या कारखान्यात गेली की फाटकावरचा माणूस तिच्यामागे बघत विचारायचा, "साब कहाँ है?" ती म्हणायची, "साब यहीच है. दरवाजा खोलो." मग आत जाऊन दोनशे लिटरचं पिंप भरून घ्यायची, पेटीवरचा आकडा आणि पिंप जुळल्याशिवाय सही करायची नाही. त्या भागात तिला मीटरवाली मॅडम म्हणत. तिच्या कामात खोट निघाली असं मी कधी ऐकलं नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, काळजीचं नाही. कप धरता येत होता. पण त्या पेटीतले स्क्रू तिळाएवढे, आणि तारा त्याच्यात बसवायच्या. ते तिला जमेना. मी म्हटलं, माणूस ठेव. तिने दोघांना बघितलं आणि दोघांनाही नको म्हटलं. एकाने तार दाताने सोलली म्हणून. मग एके दिवशी मी तांदूळ निवडत होते, ती समोर बसून माझ्या बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, "वहिनी, तुमचे हात अजून चांगले आहेत." मी म्हटलं, मग काय करू, कापून देऊ? ती म्हणाली, "जोडलेलेच असू द्या. उद्यापासून शिकवते."

अशी मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी कामाला लागले. जेवायच्या टेबलावर ती मला तारेचे तुकडे देई. सोलायची, पीळ द्यायचा, स्क्रूखाली सारायची, ओढून बघायची. मी पीळ घातला की ती म्हणे, "वहिनी, वात वळताय की तार?" मी म्हणे, वाती वळूनच हा हात तयार झालाय, गप्प बस. स्क्रू जास्त आवळला की ओरडायची, कमी आवळला की ओरडायची. पण शिकले. डोकं तिचं, हात माझे, असं आम्ही दोघींनी आठ-नऊ कारखाने केले. रिक्षातून जायचो, तिच्या मांडीवर पिशवी, माझ्या मांडीवर डबा. लोक हसत असतील. मला मजा वाटत होती, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली असती, मजेसाठी आणलं नाही तुम्हाला.

काटेदानकडच्या बर्फाच्या कारखान्याचं काम गेल्या हिवाळ्यातलं. मालकाला बर्फाच्या डब्यांत किती पाणी जातं ते मोजायचं होतं. पाइप आधीच कापून ठेवला होता. सुमनने मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे का ते बघितलं, मागेपुढे पाइप सरळ किती आहे ते टेप लावून मोजलं. मीटरपासून पेटीपर्यंत वीसेक हात तार होती. त्या तारेत तीन बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी. पेटीकडच्या टोकाला जाळी जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेला जोडायची आणि मीटरकडच्या टोकाला कापून चिकटपट्टी गुंडाळायची. हे तिने मला सांगितलं होतं. त्या दिवशी सांगितलं आणि आधीच्या प्रत्येक कामातही सांगितलं होतं. आधीच्या कामांत ती शेजारी उभी असायची, जाळी स्वतः कापायची. कात्री तिला धरता यायची.

त्या दिवशी पेटी मी जोडली. मग मीटरकडे आलो, मी झाकण उघडलं, तीन तारा बसवल्या. तेवढ्यात मालकाने तिला पंपाकडे बोलावलं. जाताना ती म्हणाली, "वहिनी, टोक तेवढं नीट करा." जाळी सुटी लोंबत होती, कडेला दोन-चार धागे विसकटलेले. आणि तिच्याजवळच एक स्क्रू रिकामा होता. मला वाटलं, सगळ्या तारांना जागा आहे, हिलाही जागा आहे, मग हिला कापून का टाकायचं? विसकटलेलं टोक तसंच ठेवणं माझ्या हाताला जमत नाही. मी धागे एकत्र केले, चांगला पीळ दिला, स्क्रूखाली सारून आवळलं. छान बसलं. झाकण लावलं. ती परत आली, म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. पिंप भरलं, आकडा जुळला. कारखान्याचा मोठ्या मोटरचा कंप्रेसर त्या दिवशी दुरुस्तीला होता, त्यामुळे बाकी काही कळायचा प्रश्न नव्हता. तिने सही केली.

पंधरा दिवसांनी मालकाचा फोन. नळ बंद असतो तरी आकडा वाढतो. पाणी जास्त दिसतं, बर्फ तेवढा नाही, म्हणून त्याने कामावरच्या लोकांवर पाणी विकत असल्याचा आळ घेतला होता आणि एक जण चिडून काम सोडून गेला होता. आम्ही दोघी गेलो. सुमनने पेटी उघडायला लावली, सगळे आकडे तपासले, पुन्हा भरले. मला विचारलं, "मीटरकडचं टोक नीट केलंत ना?" मी म्हटलं, अगदी नीट. आणि मला खरंच तसं वाटत होतं. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, झाकण उघडायला सांगितलं नाही. आठवड्याने पुन्हा फोन आला, अजून वाढतोच आहे. तेव्हा मी भाचीच्या लग्नाला बिदरला होते. परत आले तर सुमन खुर्चीत बसलेली. म्हणाली, "जाऊन आले. झालं काम." मी विचारलं, काय होतं? ती म्हणाली, "माझी चूक. आकडा चुकीचा भरला होता." मी म्हटलं, दोनदा? ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हो, दोनदा. आता हे काम बंद."

आणि खरंच बंद केलं. फोन यायचे, ती म्हणायची, "नक्को भाई, अब नै होता." मी पुष्कळ बोलले. घरात बसून काय करणार आहेस, तांदूळ निवडणार आहेस? ती म्हणाली, "निवडेन." हात थरथरत असताना निवडायला बसायची, अर्धे खाली सांडायची. मला वाटलं, संपलं हिचं. आकडे म्हणजे हिचा जीव, आणि आकडाच दोनदा चुकला, तर डोक्यात काहीतरी झालंय. मग मी लक्ष ठेवायला लागले. ती चहा करून आली की मी मागून जाऊन गॅस बघायचे. तिच्या गोळ्या मी माझ्या ताब्यात घेतल्या, मोजून हातात द्यायचे. बाहेर जाताना यादम्मांना सांगून जायचे, जरा नजर असू द्या. लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलायला लागले. तिच्यासमोर मी मुलाला फोनवर म्हटलं, आत्याला आता काही आठवत नाही रे. ती वर्तमानपत्र वाचत होती. तिने पान उलटलं. हे दोन महिने चाललं. मग ती गेली.

दिवस झाल्यावर तिची हत्यारं द्यायची होती. पद्मा म्हणून एक तेलुगू मुलगी आहे, मुलगी म्हणजे पन्नाशीला आलेली, सुमनच्या हाताखाली बालानगरला शिकलेली. तिला बोलावलं. ती पिशवीतून एकेक वस्तू काढून पुसत होती आणि रडत होती. मला रडणाऱ्या माणसाजवळ बसता येत नाही, म्हणून मी बोलत राहिले. म्हटलं, मलाही हे काम येतं बरं, शेवटचं काटेदानचं काम माझ्या हातचं. मी तिला सांगितलं कसं केलं ते, जाळीला कसा पीळ दिला तेही. पद्माने विचारलं, "अम्मा, मीटर की तरफ जाली काटे ना?" मी म्हटलं, नाही, तिथे रिकामा स्क्रू होता, त्यात चांगली बसवली. तिचं रडणं थांबलं. म्हणाली, "दोनों तरफ बांधे तो बड़ी मोटर चालू होतेच फुकट का गिनता अम्मा. मॅडम पहले दिन यहीच सिखाए थे हमकू."

मी तिला तीनदा विचारलं. तिने तीनदा तेच सांगितलं. जाळीचं एकच टोक जोडायचं, म्हणजे बाहेरची गडबड तिथून जमिनीत जाते. दोन्ही टोकं जोडली की तीच जाळी गडबड आत आणते, आणि पेटी तिला पाण्याचे ठोके समजते. तर चूक माझी होती. आकडा चुकला नव्हता, डोकंही चुकलं नव्हतं. आधी वाटलं, बिचारी, तिला कधी कळलंच नाही, स्वतःला दोष देत गेली. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी पद्माला फोन करून म्हटलं, मला काटेदानला ने. ते टोक मला स्वतः सोडवायचंय आणि मालकाला सांगायचंय.

मालक भला माणूस आहे. त्याने सुमन गेल्याचं ऐकलं होतं, खुर्ची आणून दिली. मी उभीच राहिले. म्हटलं, तुमचा मीटर बिघडला तो मॅडममुळे नाही. टोक मी चुकीचं बांधलं. तो गोंधळून पद्माकडे बघायला लागला. "अम्मा, मीटर तो चल रहा. मॅडम आके ठीक करे ना." मी म्हटलं, आकडा भरून ठीक होणारी गोष्ट नाही ती. पद्माने मीटरचं झाकण उघडलं. मी चष्मा लावून वाकले. रिकामा स्क्रू रिकामा होता. जाळी कापलेली होती, तिच्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. पट्टी वेडीवाकडी, एक फेरा वर, एक खाली, कुठे सुरकुत्या, कुठे दुहेरी. पद्मा हळूच म्हणाली, "मॅडम का हाथ है."

म्हणजे तिला कळलं होतं. झाकण उघडल्याबरोबर कळलं असणार, तो पीळ दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. मी मालकाला विचारलं, त्या दिवशी काय म्हणाली? तो म्हणाला, "बोले कि उनकीच गलती. आँख कमजोर हो गई बोले. आपका तो नाम भी नै लिए अम्मा." किती वेळ लागला? "दो घंटे. हाथ हिल रहा था, स्क्रू नीचे गिरता, फिर उठाते. मैं बोला किसीकू बुलातूँ, तो नक्को बोले. मेरेकू बाहर भेज दिए." ज्या माणसावर आळ आला होता, त्यालाही तिने बोलावून घेतलं होतं. त्याच्यासमोर म्हणाली, माझ्या चुकीने तुला ऐकावं लागलं. तो आता पुन्हा कामावर आहे, मला दुरून नमस्कार करून गेला.

मी त्या मालकाला म्हटलं, तुमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांना तुम्ही सांगितलं असेल की मॅडम म्हाताऱ्या झाल्या, चुकल्या. तो म्हणाला, हो, बोललो असेन. मी म्हटलं, मग आता सांगा, मॅडम चुकल्या नव्हत्या. तो म्हणाला, "अब क्या फरक पड़ता अम्मा, वो तो गए." मी म्हटलं, फरक पडतो. तो हौ हौ म्हणाला. सांगेल की नाही, देव जाणे. मुलालाही मी सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू आता मनाला लावून घेऊ नकोस." त्याला आत्याचं डोकं ठीक होतं हे ऐकायचं नव्हतं, मी ठीक आहे एवढंच ऐकायचं होतं. म्हणून हे छापायला देते आहे. काटेदानला मराठी कोणी वाचत नाही. पण ज्यांना ज्यांना मी चहा पाजून चुकीचं सांगितलं, ते वाचतात.

राहिला प्रश्न, तिने मला का सांगितलं नाही. मी रागावले असते? उलट ती रागावली असती, मी ऐकून घेतलं असतं, पुढच्या वेळी टोक कापलं असतं. मला वाचवायला गप्प राहिली असं पद्मा म्हणते. मला पटत नाही. सुमन असली माणूस नव्हती, माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तर पाहुण्यांसमोर सांगायची. की काम तिचं, तर तपासायचंही तिनेच, आणि तपासलं नाही ही खरोखर तिचीच चूक, असं तिने धरलं? मग गॅसचं काय? मी मागे जाऊन बटण बघायचे, तेव्हा तिने एकदा तरी म्हणायचं होतं, वहिनी, पुरे. की माझ्या हातांवर आता भरवसा राहिला नाही आणि ते मला सांगण्यापेक्षा वेडी म्हणवून घेणं तिला सोपं वाटलं? यातलं काहीही असेल. एक धरलं की दुसरं सुटतं. विचारायला ती नाही.

पद्माने पिशवीतून नवी पट्टी काढली. म्हणाली, "अम्मा, ये साफ करके बांध देतूँ." मी म्हटलं, हात लावू नको. झाकण मी लावलं, चारी स्क्रू मी पिळले. मग मालकाला सांगितलं, नळ बंद करा आणि मोठा कंप्रेसर चालू करा. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, करा. कंप्रेसर चालू झाला, पायाखालची फरशी हलायला लागली, कानात दुसरं काही ऐकू येईना. मी पेटीसमोर जाऊन उभी राहिले. वरच्या ओळीत शून्य होतं. खालच्या ओळीत मोठा आकडा होता, त्याचं शेवटचं घर सात. पाच मिनिटं झाली, सात. दहा झाली, सातच. पद्मा माझ्या कानाशी येऊन ओरडली, "अम्मा, चलें?" मी तिला हाताने थांब म्हटलं.